चार खोल्यांची दिल्ली

राजधानीच्या शहरात राहणारी माणसं लाखांनी असतील, ती चालवणारीही बरीच असतील, पण राजधानी घरात पाळणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजी म्हणू लागलो. ते मात्र मला लग्नाच्या दिवशी ‘पावणं’ म्हणाले ते शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिले. कोल्हापुरात सिटी सर्व्हेच्या कचेरीत नोकरी, अंगाने काडी, नाकाने तरतरीत, उन्हाळ्यातही गळ्याभोवती मफलर. या गृहस्थांनी जन्मात दिल्ली पाहिली नव्हती. पाहायची इच्छाही नव्हती. तिकडे कोण निघालं असं कळलं की ते दवाखान्यात निघालेल्या माणसाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत. पण दिल्लीत कुठल्या रस्त्याचा डावा फूटपाथ कोणाच्या अखत्यारीत येतो आणि उजव्या बाजूला मेलेलं कुत्रं कोणी उचलायचं, हे ते दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगत. दूधवाल्याची म्हैस तेवढ्या वेळात दारातच बसायची.

दाजींचा मूळ सिद्धांत असा होता, की दिल्ली नावाचं एक शहर नाहीच. सात आहेत, आणि सातव्याखेरीज बाकीची सगळी सोडून दिलेली आहेत. एक सुलतान येतो, आधीच्याच्या किल्ल्यात राहायला त्याचं मन घेत नाही, मग तो कोसभर सरकून नवी राजधानी बांधतो, आणि जुनीत दिवा लावायलाही कोणी राहत नाही. ‘‘म्हंजे ती मरती असं न्हाय, पावणं,’’ दाजी आवाज उतरवून म्हणायचे, ‘‘ती वाट बघत बसती.’’ इंग्रजांनी तर म्हणे कलकत्त्याहून राजधानी आणताना पायाचे दगड एकीकडे थाटामाटात बसवले, आणि नंतर जागा पसंत पडली नाही म्हणून ते उखडून गुपचूप बैलगाडीतून दुसरीकडे नेले. हा बैलगाडीचा भाग दाजी असा रंगवत की चाकांची करकर ऐकू यावी. मग ते पन्हाळ्यावर येत. आपल्या करवीरकरांची गादी पन्हाळ्याहून खाली कोल्हापुरात आली तेव्हा तिथल्या कोठारांना, दरवाजांना कोणी काही सांगितलं होतं का, असं विचारत. सांगितलं नसणारच. म्हणून पन्हाळ्याला सहलीला गेलं तरी दाजी बाहेरच्या बाहेर भुईमुगाच्या शेंगा खात बसत, आत पाऊल टाकत नसत.

हे वेड कुठून आलं ते मला अक्कांनी सांगितलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दाजींची बायको. दाजी तरुणपणी संस्थानच्या कचेरीत उमेदवारी करत होते. संस्थान विलीन झालं, राजधानीचं शहर एका दिवसात जिल्ह्याचं ठिकाण झालं, आणि त्याच महिन्यात त्यांचे वडील, आबा, घरच्या सोप्यात बसल्या बसल्या गेले. दोन्ही गोष्टी दाजींच्या डोक्यात एकीत एक विरघळल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट, टेबल आणि कंदील सोप्यातून उचलला आणि मागच्या खोलीत नेला. घर लांबट होतं, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या: रस्त्याला लागून सोपा, मग मधली खोली, मग कोठीची खोली, शेवटी सैपाकघर आणि त्यामागे परस. अक्कांनी विचारलं, हे काय चाललंय? दाजी म्हणाले, राजधानी हलवतोय. पुढे मधल्या खोलीत दाजींच्या आई गेल्या, तेव्हा राजधानी कोठीच्या खोलीत आली. सोडलेल्या खोल्यांतली एक वस्तू हलवायची नाही, कोणी तिथे बसायचं नाही, आणि जाता-येता खाकरून जायचं, असा दंडक झाला.

लग्नानंतर आम्ही जोडीनं त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दार उघडंच होतं. मी हाक मारली, तर फार आतून, विहिरीतून यावा तसा आवाज आला, ‘‘या पावणं. सोप्यात डाव्या अंगानं या, उजवीकडं आबा बसल्यात.’’ बाहेर भर दुपार होती आणि आत खिडक्या बंद. उजवीकडे आरामखुर्ची असल्यासारखं दिसलं. नवा जावई, वडीलधारे बसलेले, म्हणून मी पुढे होऊन वाकून नमस्कार केला. खुर्ची कुरकुरली. माझ्या बायकोने माझा सदरा मागून इतक्या जोरात ओढला की बटण तुटलं. मधल्या खोलीच्या दारात पुन्हा दाजींचाच आवाज म्हणाला, उंबऱ्यात थांबू नका, आईला वारा लागतो. शेवटी कोठीच्या खोलीत पोचलो तेव्हा दाजी हसतमुखाने उभे होते, आणि मी आबांना नमस्कार केल्याचं कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्या एका नमस्कारावर आमचं साडूपण कायमचं पक्कं झालं. खुर्ची लाकडी होती, उन्हाने लाकूड वाजतं, असं मी त्या रात्री स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

कोठीच्या खोलीतला काळ हा घरातला सुवर्णकाळ म्हणायला हवा. तेव्हा दाजींचे धाकटे भाऊ लष्करातून आजारी होऊन घरी आले होते. खोलीत पडदा लावून एक कोपरा त्यांना दिलेला, त्याचं नाव, दिल्लीत असते तशी, छावणी. छावणीत दाजींचा कायदा चालत नसे. खाटेपासून टेबलापर्यंत नव्या दिल्लीची वेगळी नगरपालिका, तिथे स्वच्छता उत्तम आणि वस्ती एकाच माणसाची. सैपाकघर म्हणजे महापालिका, गर्दी, धूर आणि तक्रारी. परस केंद्राकडे होता. त्यामुळे पाण्याचा हंडा कोणी भरायचा हा प्रश्न कधीच सरळ सुटला नाही, कारण विहीर केंद्राची, हंडा महापालिकेचा आणि तहान नव्या दिल्लीला लागलेली. एकदा मांजरीने नेमकी पडद्याखाली पिल्लं घातली, अर्धी इकडे आणि अर्धी छावणीत. दाजी संध्याकाळपर्यंत हद्दीचा विचार करत राहिले आणि भावाने उठून सगळी पिल्लं टोपलीत भरून अक्कांकडे दिली. अक्कांना दाजींनी महानगर परिषदेचा दर्जा दिला होता. दिल्लीच्या त्या परिषदेला कायदा करता येत नाही, चर्चा करता येते आणि शिफारस करता येते, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं. अक्का भाकरी थापटत म्हणाल्या, ‘‘म्हंजे बोलायचं आनि गप बसायचं. त्याला परिषद कशाला पायजे? लगीन झालंय की.’’

मी शिरोलीच्या एका ओतकामाच्या फौंड्रीत होतो. कामासाठी मला एकदा दिल्लीला जावं लागलं. दाजींनी स्टेशनवर येऊन मला चिवड्याचा पुडा आणि एकच सूचना दिली, की तुघलकाबादच्या किल्ल्यात गेलात तर आत शिरण्याआधी खाकरा आणि आपलं गाव सांगा. मी हसलो. दिल्लीत मधला एक दिवस रिकामा मिळाला, म्हणून गेलोही. मैलभर पसरलेला दगडांचा ढीग, टळटळीत ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. छप्पर नसलेल्या एका दालनापाशी आलो आणि काय झालं कोण जाणे, माझ्या नकळत मी खाकरलो. आतून उलट खाकरण्याचा आवाज आला. मग एक म्हातारा शेळ्या घेऊन बाहेर आला, माझ्याकडे बघून आपल्या वाटेने गेला, आणि मला हसू फुटलं. परत आल्यावर हा विनोद मी दाजींना सांगितला. ते हसले नाहीत. शेळ्यांच्या गळ्यात घुंगरं होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मी आठवू लागलो. शेळ्या गेल्या होत्या माझ्या अगदी जवळून, पण आवाज काही मला आठवेना, घुंगरांचाही नाही आणि खुरांचाही नाही.

पुढे छावणी रिकामी झाली. धाकटे भाऊ गेले तो दिवस मी पाहिला. माणूस शांत गेला, पण दाजी ज्या घाईने चौदाव्या दिवशी सकाळी खाट उचलायला लागले, ते बघून मला विचित्र वाटलं. राजधानी सैपाकघरात आली. चुलीच्या एका अंगाला दाजींची खाट, दुसऱ्या अंगाला अक्कांचं अंथरूण, डोक्यावर रेडिओ, आणि एकच झरोका. तीन मोठ्या खोल्या पुढे अंधारात पडलेल्या आणि दोन जिवंत माणसं धुरात. वर्षभरात अक्कांना धाप लागू लागली. ती वाढतच गेली. बोलता बोलता त्या वाक्य अर्धं सोडत आणि भिंतीला हात लावून उभ्या राहत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाईंना या धुरातून बाहेर काढा, मोकळ्या हवेच्या खोलीत ठेवा, नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मी सांगू शकत नाही. मोकळ्या हवेची खोली घरात एकच होती. सोप्याला रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या होत्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत ऊन यायचं. अक्कांना ऊन हवं होतं, हवा हवी होती, आणि संध्याकाळी दूध विकायच्या कट्ट्यावर धारेसाठी निघालेल्या म्हशी आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या बायका बघायच्या होत्या. त्यांनी दाजींकडे आयुष्यात मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट.

दाजींनी शिफारस विचारार्थ घेतली. विचार चालू राहिला. त्यांचं अक्कांवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी भांडेन. रात्र रात्र ते त्यांच्या पाठीला तेल चोळत बसायचे, चूल स्वतः फुंकायचे, त्यांना धूर लागू नये म्हणून भाकरीही थापू लागले, आणि त्या भाकरींना कुठलीच हद्द नसायची. परसात छपरी घालतो म्हणाले. राजधानी आणखी मागे नेतो म्हणाले, पार विहिरीपलीकडे. पण पुढे? पुढे जायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पांढरा पडे. सोडलेल्या जागेत परत जाता येत नाही, असं इतिहास सांगतो म्हणाले. मी चिडलो. माझ्या बायकोने तर त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि बहिणीला आमच्याकडे घेऊन येण्याची तयारी केली. अक्का यायला तयार होईनात. हे एकटे इथं काय करतील, एवढंच म्हणत.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आम्ही दोघं पुन्हा गेलो होतो. दाजी मला देवगिरीची गोष्ट सांगत होते. सुलतानाच्या डोक्यात आलं आणि त्यानं राजधानी दिल्लीहून उचलून आपल्या महाराष्ट्रात आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, माणसं चालत आणली, वाटेत मेली, मागे दिल्लीत म्हणे मांजरसुद्धा उरलं नाही. ही गोष्ट मी पूर्वीही ऐकली होती आणि ते नेहमी इथेच थांबत. अक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून, कष्टाने श्वास घेत पडल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्यात. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, ‘‘फुडं सांगा की.’’

दाजींनी मफलर सोडला, परत गुंडाळला.

‘‘फुडं त्यानं ती परत न्हेली,’’ अक्का म्हणाल्या. मध्ये थांबल्या. दम गोळा करून पुन्हा बोलल्या, ‘‘परत दिल्लीला न्हेली, व्हय का न्हाय? लगीन झाल्यापास्नं ऐकतीया मी. त्यो येडा हुता तरी त्याला कळलं. तुम्हास्नी कवा कळायचं?’’

मी दाजींकडे बघितलं. वादात हरलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. लहान मूल अंधाऱ्या जिन्याकडे बघतं तसे ते पुढच्या खोल्यांच्या दाराकडे बघत होते. मग ते माझ्याशी बोलले, पण सांगत होते अक्कांना. ‘‘मला भ्या वाटतंय, पावणं. आबा गेलं त्या दिवसापास्नं वाटतंय. ते म्हनतील, मला एकट्याला टाकून मागं गेलास, आनि आता आलास व्हय.’’ इतक्या वर्षांच्या सगळ्या राजधान्या, हद्दी, नगरपालिका यांच्या मागे एवढंच होतं. मला त्यांचा राग राहिला नाही. अक्कांनी हात पुढे केला आणि दाजींनी तो धरला.

सोपा राहण्याजोगा करायचा म्हणून गल्लीतल्या पिंजारी चाचांना बोलावलं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरण्याचं काम. आबांच्या खाटेवरची गादी बाहेर काढून उसवायची, कापूस पिंजून परत भरायचा, एवढंच काम होतं. इतकी वर्षं पडून राहिलेली गादी, तिच्यात उंदीर असणार, गोळे झालेले असणार, म्हणून चाचा मोठं फडकं तोंडाला बांधून आले. त्यांनी गादीवर पंजा दाबला, सरकवला, पुन्हा दाबला. मग तोंडावरचं फडकं काढून म्हणाले, ‘‘दाजी, ही वापरातली गादी हाय. एका अंगाला दबल्याली हाय बघा. रोज कोन झोपतंय हिच्यावर?’’ आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. मला वाटलं, दाजी कचेरीत गेल्यावर अक्का दुपारच्या येऊन पडत असतील, आणि तसं वाटून मला बरंही वाटलं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, तीन खोल्या चालून यायचा दम असता तर रडले कशाला असते? चाचांनी पैसे घेतले नाहीत. गादी पिंजण्याची गरज नाही म्हणाले, उन्हात ठेवून तशीच परत घातली आणि जाताना खुर्चीला सलाम करून गेले.

राजधानी परत निघाली तेव्हा सकाळ होती. खिडक्या, दारं सगळी उघडली होती, तरी खोल्यांत उजेड शिरायला कचरत होता असं वाटलं. पुढे दाजी, त्यांच्या हाताला धरून अक्का, मागे मी आणि माझी बायको, आमच्या डोक्यावर वळकट्या आणि रेडिओ. दाजी प्रत्येक उंबऱ्यावर थांबले. खाकरले. कोठीच्या खोलीत त्यांनी पडदा बाजूला करून भावाच्या पलंगाला हात लावला. मधल्या खोलीत आईच्या खुंटीवरची शाल काढून अक्कांच्या खांद्यावर टाकली. वर्षानुवर्षं ज्या खोल्यांतून ते चोरासारखे पाय उचलून जात, तिथे ते आता एकेका वस्तूशी बोलत होते, काय ते मला ऐकू आलं नाही. सोप्याच्या दारात त्यांचे पाय अडले. अक्कांना धाप लागली होती आणि त्यांना उभं राहवत नव्हतं. दाजी घाम पुसून आत गेले, आणि सरळ जाऊन आबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. पुष्कळ वेळ बसले. मी शपथेवर सांगत नाही, पण त्या वेळात ती खुर्ची एकदाच कुरकुरली, आणि दाजींचे खांदे, लग्नात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हापासून कानाशी चढलेले, खाली आले.

त्या सोप्यात दोघांना चांगले दिवस मिळाले. अक्कांची धाप पुरती गेली नाही, पण वाक्यं पुरी होऊ लागली. त्यांनी रस्त्यावरच्या बायकांशी ओळखी केल्या, म्हशींची नावं पाठ केली, आणि महानगर परिषदेने स्वतःच्या अधिकारात खिडकीला पडदे लावले. दाजींनी घरातल्या सगळ्या हद्दी रद्द केल्या. विलीनीकरण, असं ते हसत म्हणायचे, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच हसत ऐकला. दिल्लीचं मात्र सुटलं नाही. तिथल्या पाण्याचा कारभार कोणाकडे असावा यावर ते म्हशींच्या मालकांची मतं घ्यायचे. संध्याकाळी दिवा लागला की चारही खोल्यांत एकेक फेरी मारून यायचे. आता घाई नसायची. कधी कधी बराच वेळ आत राहायचे आणि आतून दोन माणसं बोलल्यासारखं ऐकू यायचं. अक्का म्हणायच्या, बोलू देत की, लई दिवसाचं साठलंय.

दाजी त्याच सोप्यात गेले. दुपारी, रेडिओवर दिल्लीहून मराठी बातम्या चालू असताना, खुर्चीत. अक्कांना वाटलं ऐकता ऐकता डोळा लागला. बातम्या संपल्या तरी दाजींनी बटण बंद केलं नाही तेव्हा त्यांना कळलं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अक्कांकडे होतो. माझी बायको त्यांना आमच्या घरी चला म्हणून विनवून थकली होती. मग निदान या खोलीत एकट्या झोपू नका, असं ठरवून मी त्यांची वळकटी उचलली. मधली खोली झाडून ठेवली होती, हवाही होती. घराची रीतही तीच होती, आणि आता ती माझ्याच हातून पाळली जात होती. मी उंबऱ्यापाशी पोचलो तोवर अक्कांनी विचारलं, कुठं नेताय? मी म्हटलं, मधल्या खोलीत, तुम्हाला इथं त्रास होईल.

‘‘ठेवा ती वळकटी,’’ अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ‘‘ह्यांची सारी हयात भ्यायात गेली, आत्ता कुठं निवांत बसल्यात. आनि मी उठून मागल्या खोलीत जाऊ? आपल्या मानसाला टाकून मागं मागं सरकत जायाला हे काय दिल्ली हाय व्हय?’’

मी वळकटी होती तिथे पसरली. अक्का तिच्यावर बसल्या, पदर सावरला आणि एका कडेला सरकल्या, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून. माझी बायको रडू लागली, पण अक्का रडत नव्हत्या. ऊन त्या मोकळ्या जागेपर्यंत आलं होतं. मला फौंड्रीत पाळीवर जायचं होतं, उशीर झाला होता, पण तिथून उठून जाणं मला जमेना. मी बराच वेळ त्यांच्यासमोर नुसता बसून राहिलो.